कुत्रा का लांडगा? आपल्या माळावर ओळखायचं कसं

गेल्या महिन्यात आमच्या गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला. रात्रीची वेळ, गाडीचा लाइट, कपाशीच्या बांधावरून कायतरी चार पायांचं चाललंय आणि खाली लिहिलेलं ‘बिबट्या, सावध रहा, पुढे पाठवा’. अर्ध्या तासात त्याच जनावराचं तरस झालं, मग लांडगा झाला, एकाने तर कोल्हा अन् लांडगा यांची क्रॉस जात आहे असंही सांगून टाकलं. सकाळी कळलं की ते वरच्या वस्तीवरचं खरूज लागून केस गळालेलं कुत्रं होतं, पण तोवर दोन पोरं काठ्या घेऊन त्याच्यामागे पळून दमली होती.

आता उलटा किस्सा, तो माझाच आहे. मी दुधाची गाडी चालवतो, पहाटे साडेचारला निघायचं, धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातली सात-आठ गावं करायची आणि दोंडाईच्याला कॅन उतरवायचे. पहिली तीन-चार वर्षं मी सगळ्यांना छातीठोक सांगायचो की आपल्याकडे आता लांडगे राहिले नाहीत. मग एकदा दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या शेतात ठेलारी मेंढपाळांचा वाडा बसलेला होता, खतासाठी मेंढ्या बसवतात ना तसा, तिथे चहाला थांबलो. उजाडत होतं, समोरच्या टेकाडावरून एक कुत्रं आडवं चाललेलं. मी वाड्यातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला म्हटलं, आबा तुमचं कुत्रं लांब चाललं. आबांनी पायाशी झोपलेल्या कुत्र्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “मन्हा कुत्रा आठे शे. तो लांडगा शे भो, शेपटी दख त्यानी.” आबा अहिराणी बोलतात, ‘आठे’ म्हणजे इथे, ‘शे’ म्हणजे आहे, ‘दख’ म्हणजे बघ, ‘मायक’ म्हणजे सारखा. पुढे जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. “कुत्रा पाव्हनाना मायक इकडे तिकडे दखत चालस. लांडगा उधारी वसूल कराले निंघेल शेठना मायक सरळ चालस.”

तेव्हा डोक्यात पडलं की मी इतकी वर्षं वस्तीवरची कुत्री म्हणून हॉर्न मारून ज्यांना बाजूला सारलं त्यात निदान एक-दोन तरी लांडगे असणार. तर हे सगळं आबांकडून, नंतर थोडं वाचून, अन् पहाटेच्या रस्त्यावर बघून बघून जमवलंय. ज्यांचं रान माळाला लागून आहे, ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी तरी वाचाच.

पहिलं काम, डोक्यातला टीव्हीवरचा लांडगा काढून टाका. तो बर्फातला, मानेवर भरगच्च केसांचा, ४०-५० किलोचा गडी, तो कॅनडा-रशियाकडचा. आपला लांडगा त्याच्यापुढे अगदी काटक. वजन साधारण १८ ते २५ किलो, म्हणजे युरियाची गोणी ४५ किलोची येते त्याच्या निम्म्याच्या आसपास. उंची खांद्यापाशी ६० ते ७५ सेंमी, म्हणजे शेजारी उभा केला तर आपल्या मांडीपर्यंत. अंगावर केस आखूड आणि पातळ, कारण आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीच आहे, तिथे लोकरीचा कोट घालून कोण फिरेल. त्यामुळे होतं काय की आकाराने तो गावातल्या एखाद्या दांडग्या कुत्र्याएवढाच दिसतो आणि आपण फसतो. आकारावरून ठरवायला जाऊच नका.

शेपटीपासून सुरुवात करा. आपल्या गावठी कुत्र्याची शेपटी बहुतेक वेळा वर वळलेली, कोयत्यासारखी नाहीतर जिलबीसारखी. लांडग्याची शेपटी सरळ खाली लोंबते, मागच्या पायाच्या ढोपरापर्यंत येते, झुपकेदार असते आणि टोक पुष्कळदा काळपट. पण फक्त शेपटीवर पैज लावू नका, घाबरलेलं कुत्रंही शेपूट खाली घालतं आणि लांडगाही आपल्या लोकांत रुबाब दाखवताना शेपटी वर करतो. ती लोंबणारी शेपटी आणि आरामात चाललेली चाल, दोन्ही एकत्र दिसलं की मग विचार करायचा.

पाय बघा. लांडग्याचे पाय अंगाच्या मानाने लांब वाटतात, छाती अरुंद, समोरून बघितलं तर पुढचे दोन पाय एकमेकांना चिकटून आल्यासारखे. कुत्र्याची छाती रुंद, पाय फाकलेले. पायांचा रंग अंगापेक्षा फिकट असतो, आतल्या बाजूने तर मळकट पांढराच. याच्या शास्त्रीय नावातच ते आहे, कॅनिस लुपस पॅलिपेस, यातल्या पॅलिपेसचा अर्थ फिकट पायांचा. हे नाव साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली दिलं आणि ते त्याने आपल्या दख्खनमधल्या लांडग्यावरूनच दिलं, म्हणजे जगात या पोटजातीची ओळख झाली तीच मुळी आपल्या बाजूच्या लांडग्यावरून. हे मला कळलं त्या दिवशी मी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगितलं, कोणालाच काही वाटलं नाही ते सोडा.

तोंड जवळून दिसलं तर कपाळ बघा. कुत्र्याच्या कपाळाच्या खाली, डोळ्यांपाशी, एक पायरी असते, तिथून पुढे नाक चालू होतं. लांडग्याचं कपाळ ते नाक जवळपास एकच उतार, पायरी कळतच नाही. कान उभे, टोकदार. डोळे फिकट पिवळे, मधाच्या रंगाचे. कुत्र्याचे बहुधा तपकिरी. पण डोळ्याचा रंग दिवसा कळतो, रात्री हेडलाइटमध्ये शेळी, कुत्रा, मांजर, सगळ्यांचेच डोळे चमकतात, त्यामुळे ‘डोळे चमकत होते म्हणजे लांडगाच’ हा पुरावा धरायचा नाही.

रंग कसा तर वाळलेल्या कुसळी गवतासारखा. भुरा, करडा, कुठे तांबूस, पाठीवर काळ्या टोकांचे केस मिसळलेले. पांढऱ्या-काळ्या ठिगळांचा असेल तर कुत्रा समजायचा. बाभळीच्या सावलीत लांडगा बसला तर तुम्ही त्याच्यापासून तीस पावलांवरून मोटारसायकल घेऊन जाल आणि तुम्हाला दिसणार नाही, हे लिहून देतो.

आणि चाल, ही सगळ्यात पक्की खूण. कुत्रं रस्त्याने जाताना इथे हुंग, तिथे पाय वर कर, मागे बघ, परत फिर, असं चालतं. लांडगा एका लयीत, मध्यम दुडक्या चालीने, डोकं पाठीच्या रेषेत ठेवून जातो, जणू पाठ हलतच नाही, खाली पाय तेवढे चालतात. गाडी दिसली तर भुंकत मागे लागत नाही. शंभर-दोनशे पावलांवर जाऊन थांबतो, मान वळवून एकदा तुमच्याकडे बघतो आणि निघून जातो. मला बुराई नदीच्या अलीकडच्या उतारावर एक असाच दिसला होता, फेब्रुवारीची पहाट, मी गाडी बंद केली, काच खाली केली. तो थांबला, वळून बघितलं, तोंडातून वाफ निघत होती, मग खाली मान घालून पुढच्या पायाने काहीतरी दाबलं, उंदीर असेल नाहीतर सरडा, एका घासात संपवलं आणि परत तीच चाल. मोजून अर्धा मिनिट. कॅन उशिरा पोचले, शिव्या खाल्ल्या.

आता गफलत ज्यांच्याशी होते त्यांचं बोलू. कोल्हा आपल्याकडे सर्वात जास्त. वजन ८ ते १० किलो, लांडग्याच्या निम्म्याहून कमी, पाय आखूड, शेपटीही तशी आखूड, चालताना अंग जमिनीला जवळ वाटतं. तापीकाठी, गिरणेकाठी केळीच्या बागांत, उसात भरपूर. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण उगाच नाही, तो खरंच काकडी, टरबूज, बोरं, मका सगळं खातो. खोकड तर अजून लहान, दोन-तीन किलोचं, मांजराएवढं, मोठे कान, शेपटीचं टोक काळं, माळावर बिळं करून राहतं. खोकडाला लांडग्याचं पिल्लू समजणारे लोक मी पाहिलेत.

तरसाचं म्हणाल तर एकदा पुढचं धड उंच आणि मागचं उतरतं हे लक्षात ठेवलं की चुकत नाही. अंगावर काळे आडवे पट्टे, मानेवर आयाळ, मान जाड, चाल लंगडल्यासारखी. मेलेलं खाऊन हाडं फोडून साफ करणारं जनावर, आणि महत्त्वाचं म्हणजे ते कुत्र्याच्या कुळातलंच नाही, मुंगूस-मांजराच्या बाजूचं आहे. सातपुड्याच्या जंगलाकडे रानकुत्रा, ज्याला कोळसुंदा पण म्हणतात, तो विटेसारखा लाल आणि शेपटी काळी, झुपकेदार. तो दाट जंगलाचा प्राणी, कपाशीच्या बांधावर त्याला शोधू नका.

एक गुंता खरा आहे आणि तो मान्य करायला पाहिजे. लांडगा आणि कुत्रा यांची पिल्लं होऊ शकतात, कारण कुत्रा हा मुळात लांडग्यापासूनच हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेला. पुण्याच्या बाजूला अशी मिश्र जनावरं दिसली आणि डीएनए तपासून ते पक्कंही झालंय. पिवळट फिकट रंगाचा, लांडग्याच्या चालीचा पण तोंडाने कुत्र्यासारखा असा प्राणी दिसला तर फोटो काढा आणि गप्प बसा, ठामपणे सांगू नका, कारण ते नुसत्या नजरेने कोणालाच सांगता येत नाही. कोल्हा अन् लांडगा क्रॉस मात्र आपल्याकडे उगाच कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

पुढचा प्रश्न नेहमी येतो, जगात लांडग्याच्या जाती किती. गूगलला विचारलं तर वीस-पंचवीस नावं अंगावर येतात आणि माणूस घाबरतो. सोपं करून सांगतो. मुख्य जात एकच, करडा लांडगा, कॅनिस लुपस. युरोप, रशिया, चीन, कॅनडा, अमेरिका, इराण, आपण, सगळीकडे तोच, फक्त हवेप्रमाणे पोटजाती पडल्या. आपल्याकडे ज्वारी एकच पण जमीन बदलली की कणीस बदलतं, तसंच काहीसं. थंडी जितकी जास्त तितका देह मोठा आणि केस दाट, म्हणून उत्तर ध्रुवाकडचा पांढरा आर्क्टिक लांडगा गुबगुबीत दिसतो आणि आपला माळावरचा हडकुळा. भारतात दोन प्रकार, एक आपला माळरानाचा, दुसरा हिमालयातला, लडाख-स्पितीच्या उंचीवरचा, दाट लोकरीचा. विरळ हवेत जगण्यासाठी त्याच्या जनुकांतच बदल झालेले सापडलेत. डीएनएचं काम करणारे लोक सांगतात की आपला आणि हिमालयातला, हे दोघंही लांडग्यांच्या फार जुन्या फांद्या आहेत, बाकी जगातल्या लांडग्यांपेक्षा खूप आधी वेगळ्या झालेल्या. आपला माळरानाचा तर देशात जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरलाय असा अंदाज आहे, म्हणजे वाघांच्या आकड्याच्या जवळपासच, पण वाघासाठी जिप्सी धावतात आणि याच्यासाठी कोणी हॉर्नसुद्धा थांबवत नाही.

करड्या लांडग्याशिवाय वेगळ्या जाती थोड्याच. इथिओपियाचा लांडगा, तांबडा, सडपातळ, कोल्ह्यासारखा दिसणारा, उंच डोंगरपठारावर राहून मुख्यतः उंदरांवर जगतो, मोठे झालेले ५०० सुद्धा उरले नाहीत. अमेरिकेतला लाल लांडगा, तो तर १९८० साली रानातून संपला असं जाहीर झालं होतं, मग पाळून वाढवलेले १९८७ पासून नॉर्थ कॅरोलिनात परत सोडले. आणि आफ्रिकेचा सोनेरी लांडगा, याची गंमत अशी की लोक त्याला शंभर-दीडशे वर्षं कोल्हा समजत होते, २०१५ साली जनुकं तपासली तेव्हा कळलं की हा कोल्हा नाही, लांडग्याच्या जवळचा आहे. म्हणजे मी लांडग्याला कुत्रा समजलो त्यात फार लाज वाटून घ्यायचं कारण नाही, शास्त्रज्ञांचीही गफलत होते.

नावात लांडगा पण जातीने नाही असेही आहेत. दक्षिण अमेरिकेचा मेन्ड वुल्फ म्हणजे आयाळवाला लांडगा, बांबूसारखे उंच पाय, तांबडं अंग, आणि खाण्यात निम्मी फळं. तो लांडगा नाही आणि खोकडही नाही, त्याचं घराणंच वेगळं. आफ्रिकेतला आर्डवुल्फ तर तरसाच्या कुळातला आणि वाळवी खाऊन जगणारा.

आता ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येणारा तो बर्फातून चाललेल्या लांडग्यांच्या रांगेचा फोटो. पुढे म्हातारे, मग ताकदवान, मध्ये बायका-पोरं, सगळ्यात मागे लीडर, आणि शेवटी मॅनेजमेंटचा उपदेश. फोटो खरा आहे, कॅनडातल्या वुड बफेलो नॅशनल पार्कातला, २५ लांडग्यांच्या कळपाचा. खालची गोष्ट मनाने रचलेली. खोल बर्फात पुढचा वाट पाडतो आणि बाकीचे त्याच वाटेने येतात म्हणजे दम कमी लागतो, एवढंच. ओल्या चिखलातून बैलगाडीच्या चाकोरीने आपण चालतो तेच. आणि कळपाच्या म्होरक्याला लावतात तो ‘अल्फा’ शब्द, तो ज्या अमेरिकन अभ्यासकामुळे जगभर पसरला त्या डेव्हिड मीच यांनीच पुढे सांगितलं की रानातल्या कळपाला हा शब्द लावू नका, कारण कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. मारामारी करून राजा झालेला कोणी नसतो, बाप आहे म्हणून तो पुढे असतो. आपल्याकडे तर कळप तसे लहानच, दोन-चार, फार तर सात-आठ. ‘लांडगेतोड’ शब्दावरून डोळ्यासमोर जी टोळी येते ती माळावर मला तरी कधी दिसली नाही.

खाण्याचं मात्र जे ऐकलंय ते खरं. मिळालं की पोटभर, नाही मिळालं की दोन-तीन दिवस उपाशी. संस्कृतात लांडग्याला वृक म्हणतात आणि भीमाला वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा. आता आपलं एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी, बकासुराचा गाडाभर भात भीमाने तिथेच हाणला असं जुनी माणसं सांगतात, पांडववाडा आहेच तिथे. म्हणजे वृकोदराची सगळ्यात गाजलेली पंगत शेजारच्या जळगाव जिल्ह्यात बसली म्हणायची.

लांडगा दिसायची वाट बघू नका, तो कमी दिसतो, त्याच्या खुणा जास्त दिसतात. पहाटे फुफाट्यात, म्हणजे गाडीवाटेच्या बारीक धुळीत, ठसा शोधा. चार बोटं आणि पुढे नखांच्या खुणा दिसल्या तर कुत्र्याच्या कुळातला नाहीतर तरस, नखं दिसत नसतील आणि ठसा गोल असेल तर मांजराच्या कुळातला, म्हणजे मोठा असेल तर बिबट्या. खिशात काडेपेटी ठेवा, बिडी ओढत नसला तरी. ती ठशाशेजारी उभी ठेवायची. काडेपेटी पाच सेंमीच्या आसपास असते, कोल्ह्याचा ठसा तिच्याएवढा भरतो, लांडग्याचा तिच्यापेक्षा बराच लांब, आठ-नऊ सेंमीपर्यंत. तरसाच्या पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो.

कुत्रा आणि लांडगा यांचा एकेक ठसा बघून सांगता येत नाही, सांगणारा थापा मारतोय समजा. ओळ बघा. लांडगा चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच टाकतो आणि ओळ सुतळी धरल्यासारखी सरळ जाते. कुत्र्याची ओळ वेडीवाकडी, ठसे एकमेकांच्या बाजूला पडलेले, मधूनमधून हुंगायला थांबल्याचा गोंधळ. आणि कुत्र्याच्या ओळीशेजारी बऱ्याचदा चपलेचाही ठसा असतो, तेही बघत जा.

विष्ठा वाटेच्या मधोमध, फाट्यावर, दगडावर टाकलेली असते, हद्द दाखवायला. केस भरलेले, टोकाला पिळल्यासारखी. तरसाची वाळल्यावर पांढरी पडते, हाडातल्या चुन्यामुळे. काडीने बघा, हाताने अजिबात नको आणि नाक जवळ नेऊ नका, त्यात फितकृमीची अंडी असू शकतात जी माणसाच्या पोटात गेली तर लिव्हरमध्ये गाठी करतात.

आवाज. कोल्हे संध्याकाळी एकाने सुरू केलं की सगळे मिळून किंचाळतात, ती कोल्हेकुई सगळ्यांना माहिती. लांडगा एक लांब सूर धरतो, वर चढवतो आणि हळूच सोडतो, दुसरा थोड्या वेगळ्या पट्टीत साथ देतो. रात्री माळावर ऐकलं तर अंगावर काटा येतो पण तो हल्ल्याचा इशारा नाही, पांगलेल्या घरच्यांना ‘मी इथे आहे’ म्हणून मारलेली हाक आहे. भुंकणं जवळजवळ नाहीच. रात्रभर भुंकत असेल तर तो आपला मोती.

नोव्हेंबर ते मार्च जरा जास्त सांभाळून वागायचं. आपल्याकडे यांचा जोडीचा हंगाम पावसाळा संपल्यावर, पोटात दोन महिने आणि पिल्लं हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. एका वेळी साधारण चार-पाच. ओढ्याच्या काठाची घळ, जुनं बीळ मोठं केलेलं, मातीच्या ढिगाऱ्यातली पोकळी, अशा जागी. पिल्लांचे डोळे बारा-चौदा दिवसांनी उघडतात, आईबाप खाऊन येतात आणि पोटातलं ओकून पिल्लांना भरवतात, मोठी भावंडंही भरवतात. अडचण अशी की आपली बांधबंदिस्ती आणि जेसीबीची कामंही याच दिवसांत. बीळ दिसलं, आजूबाजूला बारीक ठसे, हाडं, खेळून गुळगुळीत झालेली जागा दिसली तर दोन-अडीच महिने ती बाजू सोडा आणि वनखात्याला कळवा. पिल्लं गोड दिसतात म्हणून घरी आणणं, धूर कोंडणं, बीळ बुजवणं हे सगळं गुन्ह्यात बसतं. वन्यजीव कायदा १९७२, पहिली अनुसूची, म्हणजे कायद्याच्या हिशेबात लांडगा आणि वाघ एकाच बाकावर, तीन ते सात वर्षं आत. इंग्रजांच्या काळात लांडगा मारला की बक्षीस मिळायचं, आता उलट आहे.

शेळी मेली तर काय करायचं, हे मी आमच्या मावशीच्या चुकीवरून सांगतो. तिची गाभण शेळी गेली, बिचारीने रडतरडत सकाळी खड्डा करून पुरून टाकली, वास नको म्हणून. नंतर भरपाईचं कळलं तेव्हा दाखवायला काही उरलंच नव्हतं. तर, लांडग्याने जनावर मारलं तर सरकार भरपाई देतं, पण मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला नाहीतर जवळच्या वन कार्यालयात कळवायचं, १९२६ हा वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे तो लावायचा, पंचनामा होऊ द्यायचा, पशुवैद्यकीय डॉक्टरचा दाखला घ्यायचा. तोवर स्वतः फोटो काढून ठेवा, जखमेचे, ठशांचे, काडेपेटीसकट. पंचनाम्याला येणारा माणूस संध्याकाळी येतो आणि तोपर्यंत वाऱ्याने धूळ सरकलेली असते.

जखम कशी बघायची तेही सांगतो. बिबट्या गळ्याला धरतो, सुळ्यांची भोकं स्पष्ट दिसतात, आणि ओढून आडोशाला नेतो. लांडगा गळाही धरतो आणि मागच्या मांड्यांनाही, कोकरू किंवा करडू असेल तर उचलूनच नेतो. मोकाट कुत्री कान, पाय, पोट, जिथे सापडेल तिथे फाडतात, पाच-सहा शेळ्या जखमी करून टाकतात आणि खात काहीच नाहीत. माझ्या रस्त्यावरच्या गावांत ‘लांडगा’ म्हणून ओरड झालेल्या प्रकरणांत मला तरी कुत्र्यांचंच काम जास्त दिसलंय, अन् कुत्र्यांनी मारलं तर ही भरपाई बसत नाही, म्हणूनही कधीकधी लांडग्याचं नाव पुढे येतं, आता काय बोलायचं.

माणसाचं म्हणाल तर मोठ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. पण लहान पोरांना अंधारात बाहेर एकटं पाठवू नका, उघड्यावर झोपवू नका, यात शहाणपण आहे, उत्तर प्रदेशात बहराइचकडे २०२४ मध्ये लांडग्यांनी लहान मुलांवर हल्ले केले ते सगळ्यांनी वाचलंय. समोर आला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हात वर करून मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरकायचं. दिवसाढवळ्या गावात शिरलेला, लाळ गळणारा, दिसेल त्याला चावणारा असेल तर तो पिसाळलेला असू शकतो. चावला, नुसतं ओरबाडलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू करायची. हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही.

मेंढ्यांसाठी आबांची पद्धत साधी होती. रात्री जाळीची वाघर, चारी कोपऱ्यांना कुत्री, कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा म्हणजे गळा धरता येत नाही, आणि कोकरं वेगळी, टोपल्याखाली, माणसाच्या उशाशी. मी विचारलं, आबा एवढं करूनही नेतो का. म्हणे नेतो, वर्षाला दोन-तीन. मग राग नाही येत? त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. “येस ना. पन तो बी आठेना शे, आम्हीच फिरता शेतस.”